रंगाखालचा सांधा

म्हातारपणी माणसाला कसला नाद लागेल याचा काही नेम नाही. माझ्या ओळखीचे एक निवृत्त मुख्याध्यापक हल्ली हार्मोनियम शिकतात. दुसऱ्या एका गृहस्थांनी गच्चीवर अंजिरे लावली आहेत. मीही असाच एखादा निरुपद्रवी छंद लावून घेईन, अशी आमच्या सौभाग्यवतीची समजूत होती. उभ्या आयुष्यात भिंतीत खिळा ठोकायचा झाला, तरी मी शेजारच्या मुलाला हाक मारीत आलो. अशा माणसाने अडुसष्टाव्या वर्षी वेल्डिंगचे मशीन विकत आणावे, हे तिला काही केल्या पटेना.

"अहो, लेखणीपलीकडे हातात कधी काही धरले आहे का तुम्ही?" ती म्हणाली.

प्रश्न रास्त होता. एका कंत्राटदाराकडे मी तीस वर्षे हिशेब लिहिला. ऊर्जानगरच्या वसाहतीच्या भिंतीपलीकडे, निवृत्तीच्या पैशांतून चार खोल्यांचे घर बांधले. गच्चीवर उभे राहिले की महाऔष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. १९८३ पासून येथे वीज तयार होते आहे. पहिले दोन जुने संच आता बंद झाले. तरीही २९२० मेगावॅटचा संसार उरला आहे. इरई धरणाचे पाणी, आजूबाजूच्या खाणींचा कोळसा आणि पलीकडे ताडोबाचे रान, अशी आमच्या गावाची चतुःसीमा. त्यातले पाणी आणि कोळसा माणसाच्या हुकमात आहेत. रान मात्र नाही.

मशीन घ्यायचे कारण त्या रानातच होते. २०२२ च्या फेब्रुवारीत, लागोपाठच्या दोन दिवसांत, वीजकेंद्राच्या आवारात एका कामगाराला वाघाने मारले आणि दुर्गापुरात एका मुलाला बिबट्याने उचलले. तेव्हापासून संध्याकाळी मुलांना अंगणात कोणी सोडीनासे झाले. आमचे मागचे अंगण झुडपांच्या अंगाला आहे. सहा फुटांची भिंत बिबट्या एका उडीत ओलांडतो. तेव्हा भिंत असून नसल्यासारखी. पुण्याहून दिवाळीला येणारी सात वर्षांची नात त्या अंगणातच दिवसभर असते. म्हणून ठरवले, की अंगणाच्या बाजूंना आणि डोक्यावरही जाळी घालायची आणि एक भक्कम फाटक करायचे. आम्ही पिंजऱ्यात आणि जनावर बाहेर, असा हा उलटा न्याय. पण इलाज नव्हता.

वर्कशॉपवाल्याने सांगितलेला आकडा ऐकला आणि माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. बाजारात सहा-सात हजारांत घरगुती मशीन मिळते, असे कळले होते. जाळी आणि खांब वर्कशॉपकडून करून घ्यावेत, आणि फाटक आपण घरी करून पैसे वाचवावेत, असा मी हिशेब मांडला. कागदावर तो चोख जमला.

पूर्वीची वेल्डिंगची मशीने मी पाहिली होती. तांब्याच्या वेटोळ्यांनी भरलेली धूडे ती. चाकांवरून ढकलत न्यावी लागत. हे नवे मशीन पिशवीसारखे खांद्याला अडकवता येते. यात आधी घरातल्या विजेची दिशा एक केली जाते, मग ती सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट फिरवली जाते. इतक्या वेगाने फिरणाऱ्या विजेला मोठा ट्रान्सफॉर्मर लागत नाही; मुठीएवढा पुरतो. विद्या मोठी आणि डबा लहान. त्या डब्यावर २०० हा आकडा ठळक छापलेला होता. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत आणखी काही होते, ते मी वाचले नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बिलांवरची बारीक अक्षरे वाचणाऱ्या माणसाकडून हे व्हावे!

पहिल्या दिवशी रॉड लोखंडाला चिकटून बसला. ओढला तर होल्डर हातात आला आणि रॉड तिथेच. दुसऱ्या दिवशी ठिणग्या उडाल्या, पण सांध्याच्या जागी कबुतरे बसून गेल्यासारखे ठिपके पडले. त्यातच काळ्या काचेचा मुखवटा खाली घेण्यापूर्वी मी चार-सहा वेळा तो प्रकाश उघड्या डोळ्यांनी पाहिला. रात्री डोळ्यांत मूठभर वाळू कोंबल्यासारखे झाले. डॉक्टरांनी सांगितले, की या प्रकाशातले अतिनील किरण बुबुळाचा वरचा पडदा भाजतात. बरे होईपर्यंत मी काळोख्या खोलीत पडून होतो आणि सौ. एक अक्षरही बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते.

तरी आठ दिवसांत फाटक उभे राहिले. सांधे ओबडधोबड होते. पण त्यावर मला उपाय सापडला होता. ग्राइंडर फिरवला, खड्ड्यांत लांबी भरली आणि वरून हिरव्या रंगाचे दोन हात दिले. फाटक असे तुकतुकीत दिसू लागले, की येणाराजाणारा विचारी, "कोणाकडून करून घेतलेत?" मी नुसता हसे.

दिवाळीच्या आधी आठवडाभर नात आली. तिने पहिल्याच संध्याकाळी फाटकाच्या खालच्या पट्टीवर पाय ठेवले आणि झोके घ्यायला सुरुवात केली. तिसऱ्या झोक्याला वरची बिजागरी टक्कन सुटली. फाटक आडवे झाले आणि त्याच्यासह पोरही. सुदैवाने गुडघा खरचटण्यावर निभावले. सुटलेली जागा मी पाहिली. बिजागरीवर माझ्या सांध्याचे धातूचे वेटोळे जसेच्या तसे होते आणि पाइपावर नुसता डाग. धातू पाइपात शिरलाच नव्हता. तो वर बसून होता, आणि त्यातलाही बराचसा मी ग्राइंडरने खरडून टाकला होता. त्या फाटकाला आठ दिवस धरून ठेवले होते ते रंगाने.

त्या रात्री फाटक दोरीने बांधून ठेवले. मध्यरात्रीनंतर वस्तीतली कुत्री भुंकू लागली आणि मग एकाएकी सगळी एकदम गप्प झाली. कुत्र्यांचे भुंकणे इथे कोणी मनावर घेत नाही. त्यांचे असे गप्प होणे मात्र इथल्या लहान मुलालाही कळते. सौ. उठून नातीच्या अंथरुणापाशी जाऊन बसली. मी खिडकीतून दोरीकडे पाहत राहिलो. पहाटेपर्यंत काही झाले नाही. पण त्या चार तासांत मला एकच दार दिसत होते, आणि त्या दाराशी जायला माझे पाऊल धजत नव्हते.

ते दार होते एका मिस्त्रींचे. आमच्या कंत्राटदाराकडे ते बॉयलरच्या नळ्या जोडीत. हे काम ऐऱ्यागैऱ्याचे नव्हे. त्या नळ्यांमधून वातावरणाच्या सुमारे दीडशेपट दाबाची वाफ खेळते; शेवटी तिचे तापमान ५४० अंशांच्या घरात जाते. एक सांधा फुटला की अख्खा संच बंद. म्हणून १९५० च्या भारतीय बॉयलर नियमावलीने असे सांधे जोडणाऱ्याला परीक्षा घातली होती. त्याने जोडलेले तुकडे वाकवून पाहत, आणि प्रत्यक्ष कामातल्या सांध्यांचे क्ष-किरणांनी फोटो काढीत. आमचे मिस्त्री त्या परीक्षेला उतरलेले होते.

१९९६ च्या उन्हाळ्यात त्यांच्या बिलावर मी लाल शाईने दोन शेरे मारले होते. पहिला : 'रॉड भट्टीत शेकण्यात दोन तास गेले. हा वेळ निष्क्रिय समजावा.' दुसरा : 'न वापरलेले रॉड टाकून दिले. नासधूस.' दोन दिवसांची मजुरी कापली गेली. मिळून ३२० रुपये. मिस्त्री कचेरीत आले होते. आवाज न चढवता म्हणाले, "साहेब, एक डाव काचेतून पाहून घ्या, मंग लिवा." मला वेळ नव्हता. सही झालेला कागद मी फायलीत घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या अंगणात उभा होतो. मिस्त्री आता सत्तरीचे. त्यांनी माझ्याकडे पाहिले, ओळखले आणि खुर्ची पुढे केली. मी फाटकाची कथा सांगितली. लाल शाईचा विषय काढण्याचे धैर्य झाले नाही. ऐकून ते म्हणाले, "नात हाय म्हणता? चला."

आमच्याकडे येऊन त्यांनी फाटकावर हातोडीचे चार ठोके दिले. चारांपैकी तीन कोपरे सुटले. चौथ्याकडे पाहून म्हणाले, "हा बी सुटन, पण आता राहू द्या. तुमाले लय वाईट वाटून राह्यलं." मग त्यांनी मशीनकडे न जाता माझ्या घरातल्या तारेकडे मोर्चा वळवला. स्वयंपाकघरातल्या बटणापासून अंगणापर्यंत मी तीस मीटरची बारीक तार, अर्धी गुंडाळलेली, तशीच ओढली होती. गुंडाळीवर हात ठेवून त्यांनी मलाही ठेवायला लावला. ती गरम होती. "मशीनले जेवण जाते कुठून? तुमी वाटेतच खाऊन घेता अन् मंग म्हणता मशीन सस्ती हाय." नंतर मी कागदावर हिशेब केला. एक चौरस मिलिमीटरच्या त्या तारेतून पंधरा अँपियर खेचले, तर पंधरा-सोळा व्होल्ट वाटेतच खर्ची पडत होते. चार चौरस मिलिमीटरची जाड, पूर्ण उलगडलेली तार घातली, तर चारच. वाटेतल्या गळतीचा हिशेब मी तीस वर्षे केला होता. ही गळती मात्र घरात असून दिसली नव्हती.

त्यानंतरचे चार दिवस म्हणजे माझी शाळा. मिस्त्रींनी पहिला दिवसभर मला मशीन सुरूच करू दिले नाही. पाइप घासायला लावले. गंज, जुना रंग, तेल, सगळे जाऊन लोखंड चांदीसारखे दिसेपर्यंत. गंज आणि रंग जळून त्यांचा वायू होतो, तो वितळलेल्या धातूत अडकतो आणि सांध्याला आतून भोके पडतात. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपाची तर त्यांनी वेगळी ताकीद दिली. ते जस्त जळले की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. मुलामा आधी घासून काढावा आणि वाऱ्याच्या बाजूला उभे राहावे. "वरून दूध प्या म्हणतात ना?" मी विचारले. "दूध गाईचं वासरू पिते. तुमी धूर घेऊ नोका," ते म्हणाले.

मग रॉड. माझा पुडा पावसाळाभर न्हाणीच्या फळीवर होता. रॉडवरचा तो मातीसारखा लेप निव्वळ शोभेचा असतो, असे मी समजत होतो. पण सगळी विद्या त्या लेपातच आहे. जहाजांच्या बॉयलरांची दुरुस्ती करणारा ऑस्कर शेलबर्ग नावाचा एक स्वीडिश गृहस्थ होता. त्याने विसाव्या शतकाच्या आरंभी उघड्या तारेवर असा लेप चढवण्याची युक्ती काढली. लेप जळताना जो वायू निघतो, तो वितळलेल्या धातूपासून हवा दूर ठेवतो. आणि जी राख वितळते, ती वर तरंगून धातूला थंड होईपर्यंत पांघरूण घालते. तो लेप ओला असेल तर सांध्यात वाफ शिरते. घरकामाच्या ६०१३ नंबरच्या रॉडला कोरडा डबा पुरतो. सौ.ने चकलीचा एक डबा दिला. बॉयलरच्या कामाला लागणारे ७०१८ नंबरचे रॉड मात्र नाजूक. ते तीनशे-साडेतीनशे अंशांवर तास-दोन तास शेकावे लागतात आणि उघड्यावर काही तास राहिले तर बाजूला टाकावे लागतात. ओलाव्यातला हायड्रोजन पोलादात शिरतो आणि सांधा पुढे कधीतरी, कोणी पाहत नसताना, तडकतो.

हे सांगताना मिस्त्री माझ्याकडे पाहत नव्हते. रॉडचा पुडा फोडत होते.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झाले. अडीच मिलिमीटरचा रॉड, दोन मिलिमीटर जाडीचा पाइप, सत्तर अँपियर. आकडा पाहून नव्हे, तर भंगाराच्या तुकड्यावर चालवून ठरवलेला. आणि मागची बारीक अक्षरेही त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावली. दहा मिनिटांत हे मशीन किती मिनिटे चालवावे आणि किती वेळ निवू द्यावे, ते तिथे लिहिले होते. अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ, घासलेल्या जागेवर. रॉडचे टोक लोखंडापासून रॉडच्याच जाडीइतके दूर; त्याहून लांब गेले की धातू विखरून उडतो, फार जवळ आले की चिकटतो. रॉड थोडा कलता धरून आपल्याकडे ओढत आणायचा.

"उजेडाकडे पाहू नोका," ते म्हणाले, "उजेडाच्या मागं जो रस हाय ना, तो पाहा. अन् कान द्या."

प्रथमच काचेतून मी खरोखर पाहिले. त्या प्रखर ठिपक्यामागे पिवळट तांबूस रसाचे एक इवलेसे तळे पुढे सरकत होते. दोन्ही कडा त्यात वितळून मिसळल्या की पुढे जायचे, तोवर थांबायचे. घाई केली तर कडेला खाच पडते. आणि आवाज! भज्यांची कढई नीट तापली म्हणजे येतो तसा, एकसारखा. आतून सौ. म्हणाली, "आता बरोबर तळताय." ती कढईच्या आवाजाची जाणकार, मिस्त्रींनी मान डोलावली.

तरी त्यांनी फाटकाला हात लावू दिला नाही. पट्टीवर पट्टी उभी जोडायची, निवू द्यायची, डोळ्यांना चष्मा लावून खपली काढायची आणि हातोडीने तोडायची. पहिले सहा सांधे तुटले. प्रत्येकाच्या पोटात काही ना काही सापडे : कुठे राखेची रेघ, कुठे भोके, कुठे नुसता चिकटलेला धातू. सातवा वाकला. ठोके घातले तसा आणखी वाकला, पण तुटला नाही. त्याची खपली तर हातोडी लागण्यापूर्वीच आपणहून वर उचलली गेली होती आणि खाली मासोळीच्या पाठीसारखी बारीक, सारखी लहर होती. त्या लहरीला ग्राइंडरची गरज नव्हती.

तेव्हा मला राहवेना. म्हणालो, "मिस्त्री, १९९६ साली मी तुमच्या बिलावर..."

"ठाऊक हाय ना," ते म्हणाले. "पोराच्या शाळेचे पैसे भराचे होते त्याच आठवड्यात."

मी गप्प झालो. ते पुढे काही बोलतील, झाले गेले म्हणतील, अशी माझी अपेक्षा होती. ते बोलले नाहीत. वाकलेला सांधा उजेडात धरून पाहत राहिले. रात्री मी हिशेब मांडला. मुद्दल ३२० रुपये. आठ टक्के सरळव्याजाने सत्तावीस वर्षांचे ६९१ रुपये २० पैसे. सकाळी पाकीट आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी कागद सावकाश वाचला. तीनशे वीस रुपये मोजून खिशात घातले आणि उरलेले परत सरकवले.

"माह्या मजुरीचे घेतले. व्याज घ्याले मी काय बँक हाय? त्याचे रॉड आणा. बिजागऱ्या राह्यल्या अजून."

बिजागरीची पट्टी जाड आणि पाइप पातळ. म्हणून उष्णतेचा रोख जाडीकडे ठेवायचा, पातळाला तिचा शेक पुरतो. चारही कोपऱ्यांना आधी छोटे टाके मारायचे, समोरासमोरचे. मग गुण्या लावायचा आणि दोन्ही कर्ण मोजून सारखे करायचे, कारण एकाच बाजूने जोडत गेले की निवताना लोखंड तिकडे ओढते. हे सगळे माझ्याकडून करून घेताना मिस्त्रींनी एकदाही होल्डर हातात घेतला नाही. अखेरीस फाटक उभे राहिल्यावर ते स्वतः खालच्या पट्टीवर चढले आणि सत्तरीच्या वयात दोन झोके घेऊन उतरले. "रंग लावा आता," म्हणाले.

नरकचतुर्दशीच्या संध्याकाळी अंगणात पणत्या लागल्या. दूर चिमण्यांवरचे तांबडे दिवे लुकलुकत होते. फाटक आतून बंद होते. नातीची फुलबाजी संपली आणि ती पुन्हा पट्टीवर चढून झोके घेऊ लागली. जुन्या सवयीने मी ओरडलो, "उतर खाली!"

"झुलू द्या हो तिला," सौ. आतून म्हणाली. "मिस्त्री झुलून गेलेत."